उभे राहण्यापुरती जागा

परिचारिकेने शिरेतून औषध सोडणाऱ्या पंपाचे बटण पुन्हा दाबले. पडद्यावरचा आकडा बदलला, त्याच्या शेजारचा हिरवा ठिपका तसाच राहिला, आणि खाटेशी बसलेल्या मुलीने रोखून धरलेला श्वास सोडला.

"अहो, किती घाबरता! तुमच्याच कंपनीचा आहे ना हा?" परिचारिका म्हणाली.

"कंपनीचा कसला, हिचाच म्हणा," उशीवरून तिचा म्हातारा बाप अभिमानाने बोलला. "आतला भोंगा आमच्या ठमीने लिहिलाय."

पंप बिघडला की वाजणारा भोंगा तिनेच लिहिला होता. तो वाजणार नाही, हे तिला आज सकाळी कचेरीत कळले होते.

प्रोग्रामला काम करताना थोडी जागा लागते. तिला स्टॅक म्हणतात. रक्तदाब सावरणाऱ्या औषधाचा वेग जितक्या वेळा बदलावा, तितकी या पंपातली आकडेमोड स्वतःलाच हाका मारीत त्या जागेत खोल उतरत जाते. केव्हातरी जागा संपते. मग यंत्रणा इशारा पाठवते, त्याला सिग्नल म्हणतात, आणि त्या इशाऱ्यावर भोंगा वाजायचा असतो. पण भोंगा वाजवणाऱ्या फंक्शनलाही, म्हणजे प्रोग्रामच्या त्या तुकड्यालाही, उभे राहायला जागा हवी. आणि जागा संपली म्हणूनच तर इशारा आलेला असतो. यासाठी त्याच्याकरिता एक पर्यायी स्टॅक आधीच राखून ठेवण्याची रीत आहे. तिनेही ठेवला होता, पण प्रोग्राममध्ये कामाचे जे अनेक धागे, म्हणजे थ्रेड, एकाच वेळी चालतात, त्यांतल्या फक्त मुख्य थ्रेडसाठी. ही राखीव जागा प्रत्येक थ्रेडला आपापली लागते, एकाची दुसऱ्याला चालत नाही. आणि आकडेमोड चाले दुसऱ्याच थ्रेडमध्ये. चाचणीत बिघाड मुद्दाम घडवला होता, तो मुख्य थ्रेडमध्ये. भोंगा सुरेख वाजला. संचालकांनी टाळ्याही वाजवल्या.

इथे जागा संपली असती, तर प्रोग्राम हूं की चूं न करता मेला असता. मोटर औषध शेवटच्या वेगाने ढकलत राहिली असती, आणि पडद्यावर शेवटचा आकडा आणि तो हिरवा ठिपका.

फोन थरथरला. साहेब होते. ती उठून खिडकीशी गेली.

"साहेब, पंप परत मागवायला हवेत."

"परत? डोकं ठिकाणावर आहे ना? दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत जातेय."

"इथे दर थोड्या वेळाने वेग बदलतायत. माझ्या डोळ्यांसमोर."

"हे बघ, वडील आधी. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी आत्ता सांगतो, त्यांचा पंप बदलून देतील. बाकी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काढलंस तर उद्या या धंद्यात तुला कुणी दारात उभं करणार नाही, कळलं? काळजी घे त्यांची."

शेवटच्या वाक्यात खरीखुरी माया होती. माणुसकीची हद्द ओळखीच्या माणसापाशी संपते, हे साहेबांना कुठल्या ग्रंथातून शिकावे लागले नव्हते.

थोड्याच वेळात परिचारिका एक जुना, करड्या रंगाचा, दुसऱ्याच कंपनीचा पंप ढकलत घेऊन आली. "यांचा बदलायला सांगितलंय. काय झालं हो याला?"

"आवाज करतो," मुलगी म्हणाली.

"हा? हा तर कध्धी वाजत नाही. म्हणून तर आम्हाला आवडतो!"

नळी जोडली गेली. जुना पंप घरघरू लागला, आल्या आल्या दोनदा विनाकारण कोकलला, आणि मुलीने प्रथमच पंपावरची नजर काढली. परिचारिका शेजारच्या खाटेकडे वळली. तिथे एक रंगारी डोळे मिटून पडला होता. नखांतला निळा रंग अजून गेला नव्हता. त्याची बायको पायथ्याशी डोके टेकून झोपली होती.

"ठमे," म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "का बदलला?"

तिने सांगितले. स्टॅकचे नाव न घेता, चार वाक्यांत.

"तुझी चूक?"

"माझी."

"आणि त्या रंगाऱ्याचा पंप?"

"तोच. उरलेल्या पाचही खाटांना तेच आहेत."

म्हाताऱ्याने मान वळवून शेजारच्या खाटेकडे पाहिले. "मग इथे काय बसलीस तोंडात मिठाची गुळणी धरून?"

"नोकरी जाईल, बाबा. दुसरीकडेही कुणी दारात उभं करणार नाही."

म्हाताऱ्याने नळी सांभाळत, कण्हत, दोन्ही पाय पोटाशी ओढले. खाटेवर वीतभर जागा झाली.

"बैस इथे. घर माझं आहे, पेन्शन आहे. दोन घास मिळतील. टोमणे मात्र रोज ऐकावे लागतील, ते फुकट."

"काका, प्रेशर उतरलंय हं जरा," शेजारी परिचारिका रंगाऱ्याला सांगत होती. तिचे बोट बटणाकडे निघाले.

मुलगी बसली नाही. तिने एका हाताने खाटेची कड घट्ट धरली.

"सिस्टर, थांबा! त्याला हात लावू नका!"

आवाज इतका मोठा होता की वॉर्डाच्या टोकाचा डॉक्टर मान वळवून पाहू लागला. परिचारिकेचे बोट हवेतच राहिले. रंगाऱ्याची बायको दचकून जागी झाली आणि तिने आधी पंपाकडे पाहिले. तिला वाटले, तोच वाजला.