सांगलीचे पाहुणे आणि दालचिनीचा केक

“कुकरची शिट्टी काढलीस का?” हरिभाऊंनी तिसऱ्यांदा विचारलं.

“काढली, बाबा. रिंगही काढली. तळाला वाळू घातली,” चारुलता म्हणाली. “आता फक्त तुम्हाला स्वयंपाकघरातून काढायचं राहिलंय.”

सांगलीचे पाहुणे अकराला येणार होते. चारुलताला पुण्याच्या नोकरीवर एक जूनला हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी या घरातलं लग्न ठरवायचंच असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मागचं मेढ्याचं स्थळ पोह्यांत खडा निघाला म्हणून हुकलं. त्यामुळे या खेपेला पोहे रद्द.

हरिभाऊ फौजेतून परतले तेव्हा काळ्या ट्रंकेतून ऑफिसर मेसमधल्या केकची कृती घेऊन आले होते. आज दही, साखर, मैदा फेटून त्यांनी निम्मं मिश्रण डब्यात ओतलं. मैदा, साखर, दालचिनीची पूड आणि गार लोणी बोटांनी चोळून रवाळ चुरा केला, तो वर पसरला. त्यावर उरलेलं मिश्रण, त्यावर पुन्हा चुरा. डबा कुकरात गेला.

शेजारच्या बनुबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. “आवं भाऊजी, वरनं ही माती कशापायी?”

“कॉफी केक आहे हा, बनुबाई.”

“मग कापी कुठं घातली?”

“कॉफी कपात. केक कॉफीबरोबर खायचा.”

“मग आमच्या खारीला च्या-खारी म्हनायचं व्हय?”

 हरिभाऊ दुसऱ्यांदा दाढी करायला निघून गेले.

पाऊण तासानं चारुलतानं विणकामाची सुई केकात खुपसली. कोरडी निघाली. घरभर दालचिनीचा वास सुटला आणि बनुबाईंनी माती हा शब्द मागं घेतला.

“बाबा, विचारलं तेवढंच सांगायचं,” चारुलतानं बजावलं. “सियाचीन काढायचं नाही.”

“आणि पाहुण्यांनीच काढलं तर?”

“पाहुणे कशाला काढतील सियाचीन?”

अकराला पाहुणे आले. सुलाबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी घर असं बघितलं, जणू तपासणीच आहे. त्यांचा मुलगा अवधूत साखर कारखान्यात इंजिनिअर. शर्ट खोचलेला, आवाज बेताचा.

“पुण्याची नोकरी पक्की ना?” त्यानं चारुलताला विचारलं.

“पक्की.”

“मग लग्नानंतर राहायचं कुठं? इथं साताऱ्यात की सांगलीत?”

“तुमच्या आईंना बरं वाटेल तिथं,” चारुलता म्हणाली. सुलाबाईंना हे उत्तर आवडलेलं दिसलं.

कॉफी आली, केक आला. सुलाबाईंनी एक तुकडा खाल्ला. मग दुसरा घेतला. चुरा बशीत सांडला होता, तोही बोटानं टिपला. शेवटी चष्मा काढून त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यावर आजवर कित्येक लग्नं जमली आणि फिसकटली.

“केक कुणी केलाय?”

“बाबांनी,” चारुलता म्हणाली.

 दारात उभ्या बनुबाईंनी पदर तोंडाला लावला. अवधूत आईकडे बघू लागला. 

सुलाबाईंनी बशी खाली ठेवली. “जरा चालून दाखवायचं,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, मलाही चालायला लावलं होतं.”

हरिभाऊ उठले. हनुवटीवर चिकटवलेला कागदाचा कपटा त्यांनी हळूच काढला, दारापर्यंत लेफ्ट-राइट करत गेले, टाच आपटून वळले आणि परत येऊन खाली मान घालून उभे राहिले.

सुलाबाई मुलाच्या कानाशी वाकल्या. त्यांचे गाल लाल झाले होते.

“सांग रे त्यांच्या मुलीला,” त्या पुटपुटल्या, “मला पसंत आहेत.”