उचलण्याची रीत

सकाळी तो बायकोला उठवायला गेला तेव्हा तिचं अंग गार पडलं होतं. चाळीस वर्षं कारखान्यात फिटर होता, यंत्र बंद पडलेलं हात लावून ओळखायचा; हाताला लगेच कळलं. तरी त्याने एकदा हाक मारली. मग लेकीला फोन केला.

लेक आली. रडून झाल्यावर म्हणाली, "बाबा, तीन वर्षांत तुम्ही आईला एकदाही पडू दिलं नाहीत." भेटायला आलेला जो तो हेच म्हणाला. तेवढ्या एका वाक्यावर तो पुढचे दिवस ढकलत होता.

वाक्य खरं होतं. तिचे पाय आणि वाचा गेल्यावर इस्पितळातल्या नर्सने त्याला रीत शिकवली होती. खुर्चीच्या मागे उभं राहायचं, काखेतून हात घालायचे आणि उचलायचं. त्यासाठी त्याने खुर्चीची पाठ कापून बुटकी केली. एकदा शिकलेल्या कामात तो कधी फरक करत नसे, इथेही केला नाही. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून मागून कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणायचा, "चल, ऊठ!"

ती दर वेळी खुर्चीचे हात घट्ट धरून ठेवायची. तो तिचं एकेक बोट सोडवायचा. "लग्नात माझा हात तरी एवढा घट्ट धरायचा होतास," म्हणून हसायचा. आजारपणात माणूस हट्टी होतं, अशी त्याने समजूत करून घेतली होती.

चार महिन्यांनी लेक त्याला एका कलादालनात घेऊन गेली.

"तिथे म्हातारपण ऐकवतात, बाबा. डोळ्यांवर पट्टी बांधून खुर्चीत बसवतात."

"ऐकायला बाहेर कशाला जायचं? माझ्याकडे घरचंच आहे की."

"चला हो. भिंतींशी किती दिवस बोलणार?"

तिथल्या मुलीने त्याला बसवलं, पट्टी बांधली, कानांवर हेडफोन चढवले. कप ठेवल्याचा आवाज आला, पाण्याखालून आल्यासारखा. कोणाच्या तरी चपला घासत लांब गेल्या. कोणी काही बोलत होतं, पण शब्द कळत नव्हते. मग सगळं थांबलं. बराच वेळ काहीच नाही. खोलीत आपण एकटेच आहोत असं वाटून तो सैलावला.

तेवढ्यात मानेमागून, थेट कानात, एक पुरुष ओरडला, "चला, उठा!"

पट्टी निघाली, हेडफोन निघाले, तरी तो जागचा हलेना.

"संपलं, आजोबा. हात सोडा," ती मुलगी म्हणाली.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या दोन्ही हातांनी खुर्चीचे हात आवळून धरले होते. सोडायचे होते, पण बोटं ऐकत नव्हती.

"बाबा!" लेक त्याला सावरायला मागून धावली. मुलीने तिला अडवलं.

"मागून नको, ताई. घाबरतील ते."

मग ती स्वतः त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली. त्याच्या डोळ्यांत बघत हळू म्हणाली, "आजोबा, मी इथे आहे. आता तुम्हाला उठवते. उठवू ना?"

त्याची बोटं आपोआप सुटली.

बाहेर आल्यावर लेकीने विचारलं, "फार त्रास झाला का, बाबा?"

"तुझी आई हट्टी नव्हती गं," तो म्हणाला.

तीन वर्षं, दिवसातून चार वेळा त्याने तिला उठवलं होतं. समोर येऊन तिला एकदा विचारायचं राहून गेलं होतं.