तीन खुनांची साक्ष

आमच्या एडिल्बेर्तोला पाप करायचीही धड अक्कल नाही, पण चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिला की जिभेला हाड राहत नाही. मागच्या रविवारच्या साक्षीत हा गुंडांच्या टोळीचा नुसता पहारेकरी होता. आजच्या साक्षीत याने तीन माणसं मारली आणि येशूने तारलं. लोक रडले. पोटचा पोरगा म्हणून मी गप्प बसले, पण हा सांगतो त्या खुनांच्या दिवसांत हा माझ्या चुलीपाशी मक्याच्या तोर्तिया थापत होता. प्रार्थना संपल्यावर शेजारची एर्सिलिया त्याच्यापुढे आली. सहा वर्षांपूर्वी टोळीवाल्यांनी तिचा मुलगा नेला. तिने मुलाचा फोटो पुढे धरला. "बाळा, मी तुला माफ केलं. त्याला कुठे पुरलंत, तेवढं सांग." हा फोटोकडे बघत पुटपुटला, "नदीकाठी, मावशी." ती फावडं आणायला धावली. मी त्याला म्हटलं, "खऱ्या खुन्याला खड्डा तरी दाखवता येतो. तू त्याच्याहूनही हलका निघालास."