अर्धं पान

महाडला देव्हाऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या देवव्रतने वरंधला येऊन भागोजी सुताराच्या पडवीत बारा महिरपी ओळीने उभ्या केल्या.

"भागोजीकाका, गणपतीत तुमच्या देव्हाऱ्याचे फोटो नेले होते ना, त्यावरून मशीनवर कोरून घेतल्या. पण मशीनने घोळ केलाय. उजवीकडचं शेवटचं पान बाराही ठिकाणी अर्धंच. तेवढं पुरं करून द्या."

भागोजीने त्या पानावरून अंगठा फिरवला. अर्धं पान कोरलेलं, अर्धं लाकूड कोरं.

"मशीन नाय चुकलं. माझ्या बापानंच ठेवलंय तसं."

"मुद्दाम?"

"आमच्यात येक पान अर्धं ठेवतात. नक्षी पुरी केली तर सुताराच्या घरातनं काम उठतं."

देवव्रत हसला. "अहो, पण गिऱ्हाईक खोट काढतं."

दोन वर्षांत नक्षीचं काम म्हणून पडवीत हेच आलं होतं. भागोजीने पटाशीला धार लावली आणि बापाचं नाव मनात घेऊन पहिलं पान पुरं केलं. मग दुसरं. संध्याकाळपर्यंत बारावं झालं.

देवव्रतने एका पानाचे जवळून, सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि महिरपी टेम्पोत चढवल्या.

"फुडली खेप कधी आनशील?" भागोजीने विचारलं.

"आता तुम्हाला त्रास नाही, काका. हे फोटो दिले की मशीन पान पुरंच कोरेल."