कामाचं ठिकाण : पुणे

"प्रीती, ही कमांड तुम्हीच चालवा. सकाळी मी करून पाहिली, पण मनासारखा निकाल आला नाही," रणधीर सर कॉलवर म्हणाले. त्यांचा कॅमेरा नेहमीसारखा बंद होता.

"कसली कमांड, सर?"

"सगळ्या मशीनवर कोण कुठून जोडलं जातंय, ते काढायचंय. जिल्ह्यासकट. वरून आदेश आहे. पुण्याबाहेरून काम करणाऱ्यांची नावं संध्याकाळच्या मीटिंगला हवीत."

"आणि मग?"

"मग काय? नियम सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात नाही, तो नोकरीत नाही."

प्रीतीनं मान डोलावली. कॉलवर मान डोलावलेली कुणाला दिसत नाही, हे लक्षात यायला तिला जरा वेळ लागला. मग ती "हो सर" म्हणाली.

ती बसली होती धाराशिव जिल्ह्यातल्या तामलवाडीत, घराच्या मधल्या खोलीत. कंपनीच्या लेखी मात्र ती पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत होती. उन्हाळ्यात तिच्या वडिलांची, तात्यारावांची, उजवी बाजू गेली. एकट्या आईच्यानं ते उचलले जाईनात. चार दिवसांसाठी आलेली प्रीती परत गेलीच नाही.

तेवढ्यात लाईट गेली आणि कॉल तुटला. लाईट आली तशी तिनं धडपडत पुन्हा कॉल जोडला. सर अजून आले नव्हते. थोड्या वेळानं आले.

"सॉरी, माझंच नेट गेलं होतं," ते म्हणाले.

प्रीतीला हायसं वाटलं. आपलं गेलेलं त्यांना कळलंच नाही म्हणायचं.

रणधीर सर कडक माणूस. बोलणं पुस्तकातल्यासारखं, शब्द मोजून. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी कामाचं थोडं आणि गावाचंच जास्त विचारलं होतं. खेड्यातली पोरगी पुण्यात टिकेल का, अशी शंका असणार, हे प्रीतीनं तेव्हाच गृहीत धरलं होतं.

कॉल संपला. ती उठली, अंगणात गेली, परत आली, पुन्हा अंगणात गेली.

तिचं काम तसं राजेशाही होतं. गिऱ्हाइकांची मशीन कुठल्यातरी लांबच्या इमारतीत. तिनं इथून एक हुकूम सोडायचा आणि एकूण एक मशीननं तो पाळायचा. ॲडमिनचा अधिकार तिच्याकडे होता. अधिकारवाल्याचा शब्द मशीन खाली पडू देत नाही. का, कशाला, असलं विचारतही नाही. आज तोच अधिकार तिला तिच्याच घरचा पत्ता विचारायला लावत होता.

"काय झालं गं? सारखी आत-भाईर करायलीस," सुमनबाई म्हणाल्या.

"काय न्हाय, आई."

"पुण्याला ये म्हनायलेत का?"

खाटेवरून तात्यारावांनी जड जिभेनं शब्द जुळवले. "जा तू. म्या... हाय बरा." बरा आहे हे दाखवायला त्यांनी हात वर केला. तो डावा होता.

प्रीती तडक आत गेली आणि कमांड लिहायला बसली.

नुसतं आपलं नाव गाळणं वेडेपणाचं होतं. नावच नाही म्हटल्यावर कुणीही विचारलं असतं, ही पोरगी गेली कुठं? त्यापेक्षा ठिकाण गाळायचं. उन्हाळ्याआधीच्या नोंदी पुण्याच्याच होत्या. त्या तेवढ्या राहिल्या असत्या आणि प्रीती सुखानं पुण्यात राहिली असती. तिनं कमांडच्या शेवटी एक ओळ वाढवली : धाराशिवच्या नोंदी वगळा.

बोट बटणावर ठेवून ती थांबली. आजवर तिनं हा अधिकार स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेनं बाप खाटेवरून उठत नाही. तिनं बटण दाबलं.

कमांड चालली. निकाल परस्पर सरांकडे गेला. तो पाहायची सोय नव्हती.

मग जे सुरू झालं त्याला वाट बघणं म्हणणं कमीच. तिनं चहा केला आणि प्यायची विसरली. आईबरोबर वडिलांना उठवून भिंतीला टेकवलं. उशी सारखी करून झाल्यावर पुन्हा सारखी केली. फोन उलटा ठेवला, मग सुलटा.

फोन वाजला. रणधीर सर, आणि तेही थेट मोबाइलवर.

"प्रीती, कमांड वाचली मी तुमची. धाराशिव वगळलंत तुम्ही."

खोटं बोलता आलं असतं. पण समोर वडील होते, आणि महिनोन्‌महिने खोटं बोलून ती खरोखर दमली होती.

"हो सर. मी पुण्यात नाही, तामलवाडीत आहे. वडिलांना उठवून बसवायला दुसरं कुणी नाही. माझं चुकलं."

"वगळूनही तुमचं नाव आलंय."

"कसं काय?"

"मशीनला धाराशिव माहीतच नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, पण तिकडं अजून उस्मानाबादच लागतंय."

प्रीती उंबऱ्यावरच बसली. एसटीच्या पाटीवर धाराशिव, घरात सगळ्यांच्या तोंडी धाराशिव. दुसरं काही लिहावं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आईला काय सांगायचं, एवढंच आता डोक्यात घोळत होतं.

"पुण्याबाहेरची किती नावं आलीत, सर?"

"दोन. दोन्हींपुढं उस्मानाबाद."

"दुसरं कुणाचं?"

पलीकडून आवाज आला, पण त्यातलं पुणं गेलं होतं.

"माझं. सकाळी म्याबी धाराशिवच लिहिलं हुतं."