उशीवरचे दोन फोन

अर्विनचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं होतं आणि राखीव सिलिंडरचा काटा लाल रेषेकडे सरकत होता. त्याची बायको डेल्फिन नवं यंत्र मिळावं म्हणून सकाळपासून फोनला चिकटली होती. वृद्धांच्या सरकारी विम्यातला माणूस म्हणे, "गरिबांच्या विम्याला विचारा." तिथली बाई म्हणे, "आधी त्यांचा नकार आणा."

शेवटी डेल्फिनने शेजारणीचाही फोन मागून आणला. एकेका फोनवर त्या दोघांना गाठून तिने दोन्ही फोन स्पीकरवर टाकले आणि अर्विनच्या उशीवर समोरासमोर ठेवले.

"आता तुम्हीच बोला. तुमची मध्यस्थी मला नाही झेपत."

खोलीत फक्त अर्विनचा ओढून घेतलेला श्वास ऐकू येत होता.

"हा आवाज कसला?" फोनवरच्या बाईने दबकत विचारलं.

"तुम्ही ज्याला टोलवताय, त्याचा."

दोन्ही फोनमधून एकदमच आवाज आला, "पत्ता सांगा."