स्वरदाचं भाषांतर

"आधी आजोबा बघतील. ते ठीक म्हणाले तरच तुम्हा मुलांना," बँकेत जाता जाता आई म्हणाली. "आणि स्वरदा, इंग्रजी सिनेमा आहे तो. काय बोलतात ते त्यांना नीट सांग."

आई जिना उतरून गल्लीत दिसेनाशी झाली, तशी स्वरदानं गर्रकन एक गिरकी घेतली. सिनेमा मुलांना दाखवण्याजोगा आहे का, हे ठरवायला तेरा वर्षांच्या मुलीनंच तो आधी बघायचा होता. एवढी हिशेबी आई, पण हे काही तिच्या लक्षात आलं नव्हतं. स्वरदाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

कॅसेट विश्वजीतमामानं मुंबईहून आणली होती. संध्याकाळच्या गाडीनं तो परत निघणार होता आणि कॅसेटही त्याच्याबरोबर जाणार होती. वर्गातल्या वैदेहीनं हा सिनेमा दिल्लीला पाहिला होता. शेवट विचारला की ती नुसते डोळे मोठे करायची. तीन महिने झाले, स्वरदा त्या शेवटासाठी तळमळत होती. आज तो कळला नाही तर कधीच नाही. अडचण एकच होती. मध्येच आजोबा "बंद कर" म्हणाले, की खेळ खलास. त्यांच्या शब्दापुढे जायची घरात कुणाची टाप नव्हती.

आजोबा, म्हणजे वेणीमाधवशास्त्री, जेवण आटोपून आरामखुर्चीत येऊन बसले. सदुसष्ट साली काशीत 'अंग्रेजी हटाओ'चं वारं सुटलं, तेव्हा इंग्रजी पाट्यांना डांबर फासत फिरणाऱ्यांत ते पुढे होते. तेव्हापासून त्यांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द कुणी ऐकला नव्हता. थर्मामीटरलाही ते तापमापक म्हणत.

"आजोबा, चार बजे बिजली जाईल. सुरू करू?"

"कर बाई."

भाड्याच्या व्हीसीआरनं खरखर केली आणि चित्र आलं. मोठं घर, घरात एक डॉक्टर. त्याची बायको नाहीशी झालेली आणि धाकटी मेहुणी तिला शोधायला आलेली. पहिल्याच प्रसंगात डॉक्टर म्हणाला, तुझी बहीण मला सोडून पळून गेली.

"काय म्हणतो हा?" आजोबांनी विचारलं.

"म्हणतो... ती हवापालटाला गेलीय."

"बरं केलं. भिंतीवरच्या तसबिरीत अशक्तच दिसते."

स्वरदाला धीर आला, आणि मग तिची गाडी सुसाट सुटली. डॉक्टर मेहुणीच्या वस्तू पळवून ठेवायचा आणि 'तुझंच डोकं फिरत चाललंय' असं तिला पटवायचा. स्वरदानं ठोकून दिलं, "लपंडाव खेळताहेत." मेहुणी किंचाळली.

"उंदीर निघाला, आजोबा."

"मोठा असणार," आजोबा गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टर दिवा मालवून सुरीला धार लावायला बसला. स्वरदाची जीभ तरीही थांबली नाही. "त्यांच्याकडे उशिरा जेवतात. भाजी चिरायचीय."

"कोणती?"

"कोहळं," ती म्हणाली आणि तिनं फ्रॉकला तळव्यांचा घाम पुसला.

आजोबांशी खोटं बोलताना तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतंच. पण सिनेमा असा काही रंगला होता, की वाईट वाटून घ्यायला फुरसत कुणाला होती? सगळं झाल्यावर आजोबांच्या पाया पडायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

मेहुणी आंघोळीला गेली. डॉक्टर न्हाणीघराच्या बंद दाराला गाल लावून हळू आवाजात काहीतरी बोलायला लागला. नेमकी तेव्हाच आजोबांना तहान लागली.

"सुरईतलं पाणी आण गं."

"थांबवू का मग?"

"कशाला? चालू दे. उगाच बिजली जायची तुझी."

चरफडत स्वरदा पळाली. अर्धा पेला वाटेतच सांडत परत आली, तोवर पडद्यावर सकाळ झालेली होती.

"काय झालं, आजोबा?"

"मला काय कळणार? दार उघडलं, दार मिटलं."

पावणेचार झाले. मेहुणी घरात एकटी होती. तिच्या खिडकीबाहेर अंधार पडला. आजोबांनी अजून एकदाही "बंद कर" म्हटलं नव्हतं. जिंकलं, आपण जिंकलं! स्वरदा खुर्चीला रेलून बसली होती ती गुडघ्यांवर आली.

एकाएकी टीव्ही काळा झाला. हाय रे दैवा, वीज गेली! पण पंखा फिरत होता. वीज सिनेमातल्या घराची गेली होती. त्या अंधारात फोन वाजला. मेहुणीनं तो उचलला, आणि पलीकडून डॉक्टरचा आवाज आला. मऊ, अगदी प्रेमळ आवाज.

तुझी बहीण कुठेही गेलेली नाही, तो म्हणाला. मार्चमधल्या त्या गुरुवारी मी तिला गुलाबांच्या वाफ्यात पुरलं. मी वरच्या मजल्यावरून बोलतोय. सुरी घेऊन खाली येतोय.

स्वरदाला अक्षर न् अक्षर कळलं. भाषांतर करायला तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. जिन्यावर पावलं वाजायला लागली. तीन महिने ज्या शेवटासाठी जीव टाकला तो समोर आला, आणि तिनं डोळे गच्च मिटून आजोबांच्या उपरण्यात तोंड खुपसलं.

आजोबांचा हात तिच्या डोक्यावर आला.

"घाबरू नकोस," ते सावकाश म्हणाले. "तो म्हणतोय, तुझी बहीण कुठेही गेलेली नाही. मार्चमधल्या त्या गुरुवारी तिनं वाफ्यात गुलाब लावले, त्यांना पाणी घालतेय. आणि मी वरच्या मजल्यावरून बोलतोय, चहा घेऊन खाली येतोय."